घसरगुंडीखालची राख

ऊर्जानगर फाटा, चंद्रपूर
३ मार्च

रंजीता,

आशीर्वाद आहेच. तू धानोऱ्याला निघून गेलीस म्हणून तो काही संपला नाही, पण तो लिहिण्यात शाई घालवत नाही. फोन केला की तू तो प्रवीणच्या हातात देतेस आणि माझा लेक "हो आई, बरं आई" करून ठेवून देतो. म्हणून हा कागद. एसटीचे कंडक्टर मुखरूभाऊ गडचिरोलीवरून पुढे धानोऱ्यापर्यंत जातात, त्यांच्या हाती पत्र आणि कुरड्यांचा डबा देते आहे. डबा परत पाठव. उत्तराचं तुझं तू बघ.

तुला नर्सची ऑर्डर आली, आनंद आहे. दारात मी जे बोलले ते बोलले. "जायचं त जा, पवनले इथी ठेवून जा." यात वाईट काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. नातूच मागितला, तुझे दागिने तर मागितले नाहीत. आणि तू काय केलंस, नातूही नेलास आणि नवराही नेलास. असो, मी भांडायला लिहीत नाही.

इकडे सगळ्या खोल्या भरल्या आहेत. सगळे विजेच्या प्लँटमधले ठेकेदाराचे कामगार. शेवटच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं, कोलू आणि कलाबाई. तुझ्याच धानोऱ्याच्या आत जंगलातल्या गावची गोंड माणसं. कोलू सायकलने ड्यूटीवर जातो, कलाबाई घरीच असते. एकच मुलगी, दिव्यानी, सहा वर्षांची, तोंडाची फटाकडी. कलाबाई माझ्याशी मराठीत बोलते आणि पोरीवर ओरडायचं झालं की गोंडीत ओरडते, मला कळू नये म्हणून. मला आवाजावरूनच कळतं.

नाल्याकडे बिबट दिसल्यापासून कोणी लेकरांना फाटकाबाहेर सोडत नाही. सगळी पलटण दिवसभर माझ्या ओट्यावर. डोकं उठवतात. म्हणून मागच्या मोकळ्या जागेत घसरगुंडी आणि दोन झोके बसवायचं ठरवलं आहे. भाडेकरूंच्या पोरांसाठी. तू उगाच भलता अर्थ काढू नकोस.

वेल्डर झोक्याच्या पाटीचं माप मागतो आहे. पाच वर्षांच्या मुलाला किती रुंद लागते? पवन आता कमरेपर्यंत आला असेल ना?

अन्नपूर्णा
(पुढे सासू लिहायचं की नाही ते तू ठरव)


२१ एप्रिल

रंजीता,

डबा पोचला. धुतलेला, आत मोहाची फुलं. चिठ्ठी नाही. फुलं कोणी भरली, सुनेने की लेकाने, असं मुखरूभाऊंना विचारलं तर म्हणाले, "मी डबा आनतो बाई, मनातलं नाई आनत." कंडक्टरला शहाणपणाचं तिकीट कोण देतं कुणास ठाऊक.

घसरगुंडी उभी राहिली. पिवळी रंगवली आहे. मुलांना पिवळा रंग आवडतो असं ऐकलं होतं. चांगली उंच केली, माझा हात वर केला तरी माथ्याला लागत नाही. पोरं वर चढली की भिंतीवरून प्लँटच्या चिमण्या बघतात आणि मगच घसरतात. दिव्यानी तर वर जाऊन राणीसारखी उभी राहते आणि खालच्यांना हुकूम सोडते. झोकेही छान झाले. एकावर मी बसून पाहिलं. हसू नकोस, मजबूत आहे का ते बघायला बसले होते.

आता शेजारच्या दादाजींची गंमत ऐक. तू त्यांना पाठीमागे वकीलसाहेब म्हणायचीस तेच, टाइम ऑफिसातून रिटायर झालेले. घसरगुंडीचं सामान उतरताना बघितलं आणि धावत आले. "अन्नपूर्णाबाई, हे तुमी काय करून राह्यल्या? उद्या एखादं लेकरू पडलं, हात मोडला, त जबाबदार कोन? मालक! किरायदार कोर्टात जाते आजकाल."

तुझे सासरे असते तर मला एवढी धास्ती वाटली नसती, ते गेल्यापासून सगळं माझ्याच नावावर आहे. मी विचारलं, मग करू काय, उखडून टाकू? तर म्हणाले, "उखडाचं काऊन? कागद पक्के करा. बोर्ड लावा, सह्या घ्या अन् खाली जमीन नरम ठेवा. मंग कोनी तुमचं काईच करू शकत नाई."

तर तसंच केलं. दादाजींनी मजकूर सांगितला, पेंटरने ठळक अक्षरांत रंगवला आणि फळा घसरगुंडीच्या शेजारी दोन खांबांवर ठोकला. मुलं आपल्या जबाबदारीवर खेळतील, इजा झाल्यास मालक जबाबदार राहणार नाही, हातात वस्तू घेऊन कोणी वर चढू नये, नियम मोडेल त्याला खोली खाली करावी लागेल. हे शेवटचं मला जरा जास्त वाटलं, पण दादाजी म्हणाले, भीती पाहिजे. सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या घेतल्या. कलाबाईला वाचता येत नाही. मी तिला पूर्ण वाचून दाखवला, तेव्हा तिने अंगठा दिला.

आणि नुसता कागद करून थांबले नाही. संध्याकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी पोरांना फळ्यासमोर रांगेत उभं करते, हात मागे, आणि नियम म्हणवून घेते. शाळेतल्या प्रार्थनेसारखे एका सुरात म्हणतात. दिव्यानीचा आवाज सगळ्यांत वर. "पडलो तर आपणच जबाबदार!" आणि मग धूम. कोलू ड्यूटीवरून येताना फाटकात उभा राहून ऐकतो आणि हसतो.

राहिली नरम जमीन. वाळू मिळेना. मग ट्रॅक्टरवाल्याला सांगून प्लँटची राख टाकून घेतली, घसरगुंडीखाली आणि झोक्याखाली. इथे राखेला काय तोटा? मैद्यासारखी मऊ आहे. पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जातो. पोरं मुद्दाम वरून उड्या मारतात आणि भुतासारखी पांढरी होऊन घरी जातात. आता कोणी पडलं तरी गादीवर पडल्यासारखं.

म्हणजे जागा अगदी सुरक्षित आहे. हे सहज लिहिलं.

अन्नपूर्णा


९ जून

रंजीता,

प्रवीणचा फोन आला. दिवाळीच्या सुट्ट्यांत पवनला आणू असं रंजीता म्हणते, असं तो म्हणाला. मी म्हटलं, बघा बाबा, तुमची सोय. एवढंच म्हटलं. नंतर गच्चीवर जाऊन दोन पायल्यांचे पापड वाळत घातले, कारण मला काहीतरी करायलाच हवं होतं.

उन्हाने जीव नको केला. त्यात राखेचा ताप. दुपारी वारा सुटला की राख उडते आणि दोरीवरच्या कपड्यांवर बसते. बायका माझ्या दारात धुणं घेऊन उभ्या. मग मी संध्याकाळी नळी लावून राख भिजवायला लागले. उडायची थांबली. त्यानंतर मुंग्या झाल्या, तांबड्या, पोरांच्या पायांवर फोड यायला लागले. त्यावर चुन्याची भुकटी टाकली. आपण न्हाणीपाशी टाकतो तशीच, फक्त इथे जागा मोठी म्हणून पोत्याने टाकली. चुन्याने विंचू-सापही लांब राहतात. फावड्याने खालीवर करते, वरून पाणी मारते. रोजचं काम होऊन बसलं आहे. गुडघे बोलतात, पण लेकरांचं काम आहे, कोणावर सोडवत नाही.

पवनला म्हणावं, आजीकडे पिवळी घसरगुंडी आहे. नाही तर राहू दे, आल्यावर बघेलच.

अन्नपूर्णा


४ सप्टेंबर

रंजीता,

पोळा झाला, काल तान्हा पोळाही झाला. पाऊस उघडला होता. खोल्यांतली सगळी पोरं लाकडी नंदी घेऊन अंगणात. कोलूने दिव्यानीला स्वतः कोरून नंदी दिला होता, चाकांचा, शिंगांना लाल रंग. मी सगळ्यांच्या नंदींना ओवाळलं, हातावर खाऊ ठेवला. पवनचा जुना नंदी माळ्यावर आहे, तोही खाली काढून पुसून ठेवला.

थोडं विघ्न आलं. दिव्यानी संध्याकाळी खोलीत खाटेवरून पडली. डोक्याला खोक पडली. मी आणि कलाबाई लगेच रिक्षाने मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी टाके घातले, सकाळी घरी सोडलं. लहान मुलं पडायचीच. तू रोज बघत असशील.

आज घसरगुंडी धुऊन घेतली आणि खालची राखही नळीने साफ केली. पावसाने घाण झाली होती. दिव्यानीच्या नंदीचं एक चाक निखळलं आहे, ते बसवायला देते.

बाकी ठीक. डब्यात करंज्या आहेत.

अन्नपूर्णा


७ सप्टेंबर

रंजीता,

तू सहा महिन्यांनी माझ्याशी बोललीस आणि काय बोललीस! "आई, खाट किती उंच हाय?" मी म्हटलं, खाटेएवढी. तू म्हणालीस, "पोरगी खाटेवरून पडली, त घसरगुंडी काऊन धुतली तुमी?"

तू आणखी काय काय विचारत होतीस, उलटी झाली का, झोपून असते का, कानातून पाणी येतं का. मी फोन ठेवला. राग धरू नकोस. तुला तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही. आज कागदावर सांगते, आणि सगळं सांगते.

ती घसरगुंडीवरून पडली. माझ्या डोळ्यांदेखत.

मी ओट्यावर ओवाळणीचं ताट आवरत होते. दिव्यानी नंदी काखेत मारून वर चढली. मी ओरडणार होते, हातात वस्तू घेऊन चढायचं नाही म्हणून, पण सणाचा दिवस, म्हटलं जाऊ दे. तिला नंदीला घसरवायचं होतं. वर बसून तिने तो सोडला, तो तिरका गेला, आणि त्याला धरायला ती कडेवरून वाकली. मला भीतीसुद्धा वाटली नाही गं. मनात आलं, पडेल राखेत, होईल भूत.

राखेत पडल्याचा आवाज आलाच नाही. फरशीवर नारळ फोडल्यासारखा आवाज आला. तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. मी धावत गेले, तिच्याजवळ गुडघे टेकले, आणि माझेच गुडघे सोलून निघाले. हाताने राख उकरली. वर बोटभर भुकटी, आणि तिच्याखाली दगड. सगळीकडे दगड. मी रोज त्यावरून चालत होते आणि मला कळलं नाही. पावसाळ्यात फावडं मारणं बंद केलं होतं, पोरं आपली वरून उड्या मारत, नाचत होती, मी बघत होते, आणि कोणाला काही झालं नाही म्हणून सगळं बरं आहे असं धरून चालले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुठून पडली?" मी तोंड उघडणार तेवढ्यात कलाबाई बोलली. "खाटेवरून, साहेब." डॉक्टर म्हणाले, केवढी खाट? तिने गुडघ्यापाशी हात धरून दाखवला.

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. आणि रंजीता, त्या क्षणी मला बरं वाटलं. पोरगी समोर रक्ताने माखलेली आणि मला आतून सुटल्यासारखं वाटलं. मी असं बाईमाणूस आहे हे मला साठीला येईपर्यंत माहीत नव्हतं. खाटेवरून पडलेल्या पोरीला टाके घालतात आणि झोपवून ठेवतात, तसंच त्यांनी केलं. त्यांचा काय दोष? त्यांना आम्ही सांगितलं तेवढंच त्यांना माहीत.

परवा तुझा फोन ठेवला आणि मी शेवटच्या खोलीत गेले. दिव्यानी खाटेवर निजलेली. कलाबाई तिच्या डाव्या कानात कापसाचा बोळा घालत होती. खाली ओल्या बोळ्यांचा ढीग. मी विचारलं, हे काय? "काल आंग पुसून देल्लं ना बाई, कानात पानी गेलं वाट्टे. येऊनच राह्यलं." मी पोरीला हाक मारली. तिने डोळे उघडले नाहीत. चिमटा काढला तेव्हा नुसती कुंथली.

मी तिला उचलली. मला पेलत नाही, तरी उचलली. रिक्षा, दवाखाना, तेच डॉक्टर. या वेळी कोणी विचारायच्या आधी मी ओरडले, "साहेब, ही घसरगुंडीवरून पडली. माझ्या घसरगुंडीवरून. माझ्या डोक्याच्या वरून पडली, अन् खाली जमीन दगडासारखी हाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. आणि तेवढ्यात कलाबाई मध्ये आली. हात जोडून. "नाई साहेब. बाई खोटं बोलून राह्यल्या. पोरगी खाटेवरूनच पडली."

मी म्हटलं, कलाबाई, अगं काय बोलतेस! ती माझ्याकडे न बघता पुन्हा तेच. "खाटेवरून पडली, साहेब. माह्या समोर पडली." मी घसरगुंडी म्हणते, ती खाट म्हणते, आणि मध्ये स्ट्रेचरवर पोरगी. डॉक्टर आधी दोघींकडे बघत राहिले, मग पोरीचा कान बघितला आणि आम्हाला बाजूला सारून स्वतःच स्ट्रेचर ढकलत फोटो काढायला घेऊन गेले.

कवटीला तडा गेला आहे, आत रक्त साचलं आहे. कानातलं ते पाणी आंघोळीचं नव्हतं, मेंदूभोवतीचं होतं. तुला फोनवरूनच कळलं होतं. लगेच अँब्युलन्सने नागपूरला पाठवलं. कोलू ड्यूटीच्या कपड्यांतच बसून गेला. आत एकालाच जागा होती, कलाबाई मागून एसटीने जाणार होती.

अँब्युलन्स निघाली आणि मी कलाबाईला भिंतीशी धरलं. सांगायला लाज वाटते, पण दोन्ही खांदे धरून हलवलं. तू असं काऊन केलं? तुझी पोरगी मेली असती! ती रडलीसुद्धा नाही. म्हणाली, "बोर्डावर लिवून हाय ना, बाई. हातात काई घेऊन चढाचं नाई. तुमीच वाचून दाखवलं. पोरीनं नेम तोडला, मंग खोली खाली करा लागते. हे कुठी जातील ड्यूटीवर? गावाहून थोडीच येनं होते?" आणि मग हळू आवाजात, "तुमच्या राखेत रगत सांडलं आमच्या पोरीचं. ते मी पुसून घेईन म्हनत होती, तुमी आधीच धुतलं."

रंजीता, ती माझी माफी मागत होती.

मला वाटायचं, भीती दाखवली की पोरं जपून खेळतील. तिने पोरीच्या जिवापेक्षा माझ्या फळ्याला जास्त खरं मानलं. आता नागपूरहून काय निरोप येतो त्याची वाट बघते आहे. तुला देव आठवत असेल तर मार्कंड्याच्या महादेवाला सांग. माझं तो का ऐकेल?

अन्नपूर्णा


२२ सप्टेंबर

रंजीता,

दिव्यानी शुद्धीवर आली. ऑपरेशन झालं. आईला ओळखते, पेज पिते. डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि येणारही नाही, असं डॉक्टरांनी कोलूला सांगितलं. जीव वाचला. नागपूरला तू स्वतः जाऊन तिच्याजवळ दोन दिवस बसलीस हे मला कोलूने सांगितलं, तू नाही. तुझ्या नोकरीला मी काय काय बोलले होते ते सगळं आठवलं.

दवाखान्यातून कळवलं होतं म्हणून पोलीस येऊन गेले. दादाजी सह्यांचा कागद घेऊन त्यांच्या आधीच हजर. मला आत बोलावून म्हणाले, "कागद दाखवा अन् चूप बसा. मायनंच आंगठा देल्ला हाय." मी बाहेर जाऊन सगळं सांगितलं, राखेसकट, दवाखान्यात गप्प बसल्यासकट. त्यांनी लिहून घेतलं. पुढे काय होईल ते होईल. दादाजी माझ्यावर चिडले आहेत. "सोताच्या हातानं फास लावून घेतला तुमी, बाई." ते काही वाईट नाहीत. माझं बरंच व्हावं असं त्यांना वाटतं.

काल जमीन फोडायला दोन माणसं लावली. मीही सब्बल घेतली. पहिला घाव घातला तर सब्बल उडाली, हाताला झिणझिण्या. दुसऱ्या घावाला एक ढेप निघाली, चौकोनीच म्हण. ती उचलून बाजूला ठेवली, कंपाउंडच्या भिंतीला टेकवून. भिंत आणि ढेप, एकच रंग, एकच पोत.

ही भिंत राखेच्या विटांची आहे. खोल्या बांधल्या तेव्हा मी आणि तुझे सासरे विटा बघायला भट्टीवर गेलो तर तिथे भट्टीच नव्हती. मालक म्हणाला, या विटा भाजतच नाहीत, राखेत चुना घालायचा, दाबायचं आणि रोज पाणी मारत राहायचं. आम्ही एक वीट हातोडीने ठोकून पाहिली, फुटेना. तुझे सासरे खूश झाले होते. मी सोबत होते, रंजीता. स्वतः ठोकली होती. आणि मी काय केलं? राख टाकली, चुना घातला, फावड्याने कालवलं, पोरांच्या पायांनी दाबून घेतलं आणि संध्याकाळ झाली की नळी लावली. लेकरांच्या डोक्याखाली मी अंगणभर वीट पाडली. ज्याला विचारलं असतं त्याने सांगितलं असतं. इथल्या कोणत्याही माणसाने. मी कोणाला विचारलंच नाही, कारण सह्या झाल्या होत्या.

ढेपांवर पावलं उमटली आहेत. ओल्यात उमटलेली, तशीच घट्ट झालेली. माणसं त्या ढेपा ट्रॅक्टरमध्ये टाकत होती आणि मी बघत उभी राहिले. एकही ठेवून घेतली नाही.

फळा काढला. घसरगुंडी अजून उभी आहे, पण शिडी कापून काढली.

अन्नपूर्णा


१९ ऑक्टोबर

रंजीता,

दिव्यानी आज घरी आली.

कलाबाईला मी नागपूरला निरोप पाठवला होता की खोली तुझीच आहे, फळा काढून टाकला आहे, कोणी काही म्हणणार नाही. कोलू म्हणाला, तिला सांगितलं. तरी आज रिक्षातून उतरल्यावर तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग आपल्या खोलीच्या दाराकडे, कुलूप तेच आहे का म्हणून.

पोरीचे केस काढले आहेत. डोक्याला पांढरा रुमाल. डावीकडून कोणी बोललं तर वळत नाही. सगळी पोरं तिच्याभोवती जमली, कोणी हात लावून बघेना. मी उजवीकडून गेले, खाली बसले आणि तिचा नंदी तिच्या हातात दिला, चाक बसवून आणलेला. विचारलं, "वळखते का मले, दिव्यानी?"

तिने मान हलवली. मग मागच्या जागेकडे बघितलं. तिथे आता फळा नाही, खांबांचे दोन खड्डे तेवढे राहिले आहेत. ती चालत तिथे गेली आणि त्या खड्ड्यांसमोर सरळ उभी राहिली. नंदी खाली ठेवला. हात मागे बांधले, मी शिकवले तसे. आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मी खाटेवरून पडली, बाई. घसरगुंडीवर मी चढलीच नाई."

मी उठून तिच्याजवळ गेले. म्हटलं, "नाई बेटा. तू माह्या घसरगुंडीवरून पडली. तुही काई चुकी नाई. माही चुकी हाय." तिने मान नाही नाही म्हणून हलवली आणि आईकडे बघितलं. कलाबाईने पदर तोंडात धरला होता. पोरीला वाटलं, मला ऐकू आलं नाही. स्वतःला कमी ऐकू येतं तर दुसऱ्यालाही तसंच होत असेल असं तिला वाटत असावं. ती माझ्या कानाशी तोंड आणून पुन्हा ओरडली, "खाटेवरून!"

मी तिला पोटाशी धरलं तर अंग ताठ केलं तिने.

दिवाळी जवळ आली आहे. पवनला आण म्हणून मी लिहिणार नाही. झोक्याची ती पाटी, त्याच्या मापाची, मी खोलून ठेवली आहे, आणि पिवळा रंग त्याच्यासाठीच होता, हे आता तुला सांगून टाकते. त्याला आणायचं की नाही ते तू ठरव, आणि आणलंस तर आधी माझ्या अंगणात तू स्वतः पाय आपटून बघ.

पण तू ये. तू तिच्याजवळ नागपूरला बसली होतीस, ती तुला ओळखते. तिला विचार, ती कुठून पडली. मला ती खरं सांगत नाही.

अन्नपूर्णा